पौर्णिमा टाळा, दशमी गाठा
नवी दुर्बीण आली की पहिला मोह पौर्णिमेचा. पण तेव्हा चंद्रावर ऊन समोरून पडतं, सावल्या दिसेनाशा होतात आणि उरतं नुसतं पांढरं ताट. त्यापेक्षा शुद्ध अष्टमी ते दशमी बरी. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा लखलखतात, तळ काळेच राहतात. दशमीच्या सुमारास सुमारे ९३ किलोमीटर रुंदीचं कोपर्निकस विवर तर पायऱ्या उतरत गेलेल्या विहिरीसारखं दिसतं.

९०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली की ३६ पट वर्धन मिळतं, तेवढं पुरे. फोटो काढायचा तर मोबाइल नेत्रिकेवर घट्ट बसवा, कॅमेऱ्यातला उजेड कमी करा, टायमर लावा, कारण फोटो हलतो तो बहुधा बटण दाबतानाच. गच्ची दिवसभर तापलेली असेल, तर मात्र चंद्र उकळत्या पाण्यात ठेवल्यासारखा थरथरतो.