दहा वर्षांनी वाचनालयात कोण असेल?

तुमच्या गावातल्या किंवा पेठेतल्या सार्वजनिक वाचनालयात शेवटचं कधी गेला होतात? ‘शाळेत असताना, आजोबांचं पुस्तक बदलायला’ असं उत्तर असेल तर लाजू नका, बहुतेकांचं तेच असतं. वाचनालय उघडं असतं तेव्हा तुम्ही कॉलेजात किंवा क्लासला असता आणि तुम्ही मोकळे होता तेव्हा दाराला कुलूप असतं. ही वेळ ठरली कधी? बरेचदा वीस-पंचवीस वर्षांपूर्वी, तेव्हाच्या सभासदांच्या सोयीने. सभासद बदलले, पाटीवरची वेळ मात्र तीच राहिली.

छोटी वाचनालयं ओस का पडतात, याचं एक ठरलेलं उत्तर आहे. मोबाइल आला, वाचन संपलं! हे अर्धंच खरं आहे. पुढच्या दहा वर्षांत आपल्याकडे कोण येणार, त्यांना काय लागणार आणि त्यासाठी आज काय करायचं, हा विचार करायला तिथे कुणी बसलेलंच नसतं, हे उरलेलं अर्धं. आणि तो विचार करायला तुमच्याइतकं योग्य कुणी नाही. कारण दहा वर्षांनी त्या गावात तिशीला आलेले असणार आहात तुम्हीच.

मार्च ते मार्च

आधी पैशाचं बघू. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्याखाली शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गानुसार वर्षाचं अनुदान. गावोगावची छोटी वाचनालयं बहुतेक ‘ड’ किंवा ‘क’ वर्गातली. ‘ड’ वर्गाला पूर्वी वर्षाला ३० हजार रुपये मिळायचे. २०२२ मध्ये ६० टक्के वाढ जाहीर झाली, म्हणजे ४८ हजार. महिन्याला चार हजार! यातला निम्मा भाग कर्मचाऱ्याच्या पगाराचा धरला, तर दिवाबत्ती, झाडलोट आणि पुस्तकांची देवघेव सांभाळणाऱ्या माणसाच्या हातात तेव्हाच्या हिशेबाने महिन्याला दोन हजार पडायचे. उरलेल्यात वर्तमानपत्रं, मासिकं, नवी पुस्तकं आणि विजेचं बिल.

एवढ्या पैशात संस्था चालवणाऱ्या काका-काकूंना नावं ठेवणं सोपं आहे, पण बरोबर नाही. त्यांचं सगळं वर्ष अनुदानाचा हप्ता, तपासणी आणि हिशेब यातच जातं. मार्च संपला की पुढचा मार्च. या चक्रात दहा वर्षांचा विचार करायला उसंतच नसते.

आता दुसरा हिशेब करा. समजा, वाचनालयाचे १५० सभासद आहेत आणि वर्गणी महिन्याला ३० रुपये. वर्षाचे झाले ५४ हजार, म्हणजे ‘ड’ वर्गाच्या त्या ४८ हजारांपेक्षा जास्त! हेच सभासद ९० वर आले, तर वर्षाला २१ हजार ६०० रुपये गेले. थोडक्यात, छोट्या वाचनालयाचा सगळ्यात मोठा देणगीदार सरकार नसून सभासद असू शकतो. म्हणून दूरच्या नियोजनातला पहिला प्रश्न ‘पैसे कुठून आणायचे?’ हा नाही. ‘आपल्याकडे कुणी यावं आणि ते का येतील?’ हा आहे.

पाणी कुठपर्यंत येतं?

दूरचा विचार म्हणजे मोठमोठ्या इमारतींची स्वप्नं, असं वाटत असेल तर चिपळूणकडे बघा. तिथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २००५ च्या महापुरात त्याचं मोठं नुकसान झालं. संस्था पुन्हा उभी राहिली, इतकी की २०१३ मध्ये चिपळूणला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, ते याच संस्थेच्या यजमानपदाखाली. मग २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी पुन्हा शहरात शिरलं आणि वाचनालयाला पुन्हा फटका बसला.

नदीकाठच्या कुठल्याही वाचनालयाने यातून काय घ्यायचं? दुर्मीळ पुस्तकं कुठल्या मजल्यावर? दाखल नोंदवहीची दुसरी प्रत कुठे? जुन्या अंकांची स्कॅन केलेली प्रत गावाबाहेर कुणाकडे आहे का? या प्रश्नांना फार पैसे लागत नाहीत. ते पाणी येण्याआधी विचारावे लागतात, इतकंच. नदी लांब असेल तर तुमच्याकडे वाळवी असेल, गळकं छप्पर असेल किंवा भाड्याच्या जागेचा संपत आलेला करार असेल. दहा वर्षांत आपल्यावर काय काय येऊ शकतं, याची यादी प्रत्येक वाचनालयाची वेगळी. पण यादी हवी.

छोट्यांनी केलेली मोठी गोष्ट

दुसरं उदाहरण लांबचं आहे, पण कदाचित तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातच बसलेलं असेल. पुस्तक शोधायला तिथल्या कॉम्प्युटरवर ‘कोहा’ नावाची प्रणाली बघितली असेल ना? ती न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या लहानशा भागातल्या ग्रंथालय संस्थेसाठी बनली. १९९९ साली त्यांच्यापुढे पेच होता. त्यांची जुनी प्रणाली सन २००० ची तारीख पेलणार नव्हती. त्यांनी तिथल्याच एका कंपनीकडून साध्या फोनलाइनवरही चालेल अशी नवी प्रणाली बनवून घेतली. जानेवारी २००० मध्ये ती सुरू झाली आणि मग जगात कुणीही फुकट वापरावी, सुधारावी म्हणून खुली करून टाकली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. प्रणाली खुली असल्यामुळे उद्या ती बनवणारी कंपनी राहिली नाही, तरी दुसरं कुणी ती सांभाळू शकतं. छोट्या संस्थेला इतका लांबचा विचार जमू शकतो!

अभ्यासिका की वाचनालय?

आता आपल्याकडचा खरा तिढा. बऱ्याच वाचनालयांत आज सगळ्यात जास्त गर्दी असते ती अभ्यासिकेत. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी. मुलं स्वतःची पुस्तकं आणतात, वाचनालयाकडून त्यांना हवी असते खुर्ची, पंखा, वायफाय आणि शांतता. कार्यकारिणीला नियमित फी मिळते. मग एक कपाट हलतं, चार टेबलं येतात. पुढच्या वर्षी अजून एक कपाट. कुणीही ठरवलेलं नसताना वाचनालयाची अभ्यासिका होऊन जाते.

यात वाईट काय? घरी दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं असतील, तर ती खुर्ची म्हणजे आयुष्य बदलण्याची संधी असते. ती हवीच. पण मग गोष्टीचं पुस्तक शोधणाऱ्या तिसरीतल्या मुलीने कुठे बसायचं? भिंगातून पेपर वाचणाऱ्या आजोबांनी कुठे जायचं? परीक्षा संपली की अभ्यासिकेतला मुलगा निघून जातो. ती तिसरीतली मुलगी मात्र, तिला आज जागा मिळाली तर, पुढची साठ वर्षं सभासद राहू शकते. म्हणून कुणाला किती जागा आणि कुठली वेळ, हे आपोआप होऊ न देता बसून ठरवायला हवं. दूरचं नियोजन म्हणजे मुळात हेच.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं मांडली. त्यातलं शेवटचं, ग्रंथालय ही वाढत राहणारी संस्था आहे, असं सांगतं. वाढ म्हणजे फक्त कपाटं वाढणं नव्हे. दहा वर्षं कुणी न उघडलेलं गाइड बाहेर काढणं आणि त्या जागी मुलांची पुस्तकं ठेवणं हीसुद्धा वाढच.

तुमची खुर्ची कुठे?

बहुतेक सार्वजनिक वाचनालयं ही नोंदणीकृत संस्था असतात. त्यांना घटना असते, वार्षिक सर्वसाधारण सभा असते आणि सभासदांनी निवडलेली कार्यकारिणी असते. म्हणजे वेळ बदला, वायफाय लावा, हे बाहेरून ओरडण्याऐवजी तुम्ही सभासद होऊन सभेत ठराव मांडू शकता. अशा सभेला अनेकदा जेमतेम गणपूर्ती होते. तिथे दहा तरुण सभासद वेळेवर येऊन बसले, तर त्यांचं म्हणणं टाळणं अवघड असतं.

एक मात्र सांभाळा. पहिल्याच सभेत ‘तुमचं सगळं जुनाट आहे’ म्हणालात तर संपलं. ज्यांनी तीस वर्षं ते कुलूप उघडलं, त्यांना आधी विचारा की कुठली पुस्तकं जातात, कुठल्या महिन्यात गर्दी होते, दिवाळी अंकांच्या योजनेला किती जण पैसे भरतात. ही माहिती कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही, त्यांच्या डोक्यात आहे. ती कागदावर आली नाही, तर त्यांच्याबरोबरच जाईल.

सुरुवात अशी करा

• एक आठवडा मोजा. कुठल्या तासाला किती जण आले? मुली किती, मुलं किती, साठीच्या पुढचे किती?
• न येणाऱ्या वीस जणांना विचारा, का येत नाही?
• एकाच पानावर चार ओळी लिहा. एका, तीन, पाच आणि दहा वर्षांत काय हवं, प्रत्येकाला खर्च किती आणि करणार कोण. शेवटचं नाव नसेल तर ती ओळ खोडा.
• पुस्तकं, फर्निचर, इमारत यांसाठी मदत देणाऱ्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात विचारा. गरज कागदावर मांडलेली असेल तर अर्ज करणं सोपं जातं.
• ते पान वाचनालयाच्या दारावर लावा आणि दर सर्वसाधारण सभेत मोठ्याने वाचा. जे झालं नाही, ते का झालं नाही हेही त्यावर लिहा.