फूलगळ झाली म्हणजे रोगच पडला असे नाही



मार्चअखेरची गोष्ट. एक सभासद ऊसबिलाच्या चौकशीला आले होते. जाता जाता शेती विभागात डोकावले आणि खिशातला रुमाल टेबलावर सोडला. आत मूठभर टोमॅटोची फुले, देठासकट गळलेली.

"साहेब, तीन फवारे झाले. दुकानदारानं दिलं ते सगळं मारलं, तरी फूल काय थांबंना. कसला रोग म्हणायचा ह्यो?"

फुलांवर डाग नव्हता की कीड नव्हती. आम्ही विचारले, "रात्री झोपता कुठं, घरात का अंगणात?"

ते हसले. "आठ दिस झालं, घरात लई उकडतंय. अंगणातच पडतो."

"मग तुमच्या टोमॅटोलाही तेच झालंय. त्याला रात्रीचं उकडतंय."

उसासोबत दहा-वीस गुंठे माळवे किंवा बांधावर चार आंबे असणाऱ्या बहुतेक सभासदांची ही अडचण आहे. म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

हवा फिरते म्हणजे काय होते?

होळीच्या सुमारास थंडी ओसरते, ऊन चढते, हवा कोरडी होते आणि दुपारी वारा सुटतो. पानांतून जेवढे पाणी उडून जाते, तेवढे मुळ्यांना ओढता येत नाही. झाड मग आपला खर्च कमी करते आणि पहिली कुऱ्हाड फुलावर पडते.

टोमॅटोचे याहून नाजूक आहे. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या पुढे आणि रात्रीचे २२-२३ अंशांच्या पुढे राहू लागले की फुलातला पराग दुबळा होतो. फळ धरत नाही, फूल गळून पडते. तयार फळही कडक उन्हात लालभडक न होता पिवळट-नारिंगी राहते. यावर बाटलीतले औषध चालत नाही. औषधाचा पैसा जातो आणि मधमाश्या मरतात ते वेगळेच.

मग रोग आणि ऊन यांतला फरक ओळखायचा कसा? उन्हाची गळ साऱ्या प्लॉटात एकदम आणि सारखी दिसते. रोग किंवा कीड बहुधा एखाद्या कोपऱ्यातून, चार-दोन झाडांपासून सुरू होते. फूल पांढऱ्या कागदावर झटकून पाहावे. बारीक फुलकिडे वळवळताना दिसले तर इलाज कीडनाशकाचा. काही दिसले नाही तर इलाज पाण्याचा.

उसाची पाळी आणि माळव्याची तहान

इथेच आपण ऊसवाले चुकतो. उसाला पाळी आली की त्याच पाटाने माळव्यालाही तुडुंब भरून घेतो आणि पुढची पाळी येईस्तोवर तिकडे फिरकत नाही. भारी जमिनीतला मोठा ऊस दहा-बारा दिवस कळ काढतो. माळव्याची बरीचशी मुळी वरच्या थरातच असते. तिथली ओल चार-पाच दिवसांत उडते. सुकलेल्या झाडाला एकदम भरपूर पाणी मिळाले की टोमॅटो तडकतो. पाणी असे कमी-जास्त होत राहिले की चुना वेळेवर फळापर्यंत पोचत नाही आणि फळाचे बूड काळे पडून बसते. हादेखील रोग नव्हे.

तेव्हा पाणी थोडे पण लवकर लवकर द्यावे. संध्याकाळी किंवा पहाटे द्यावे. ठिबक असेल तर उत्तमच. विहिरीला पाणी कमी असेल तर माळव्याचे क्षेत्र कमी करावे, पण आहे त्याची आबाळ करू नये.

ऊस तुटून गेलेल्या फडातले पाचट पेटवू नका. त्यातले थोडे आणून माळव्याच्या सरीत दोन-तीन इंच जाडीचे पसरा. ओल टिकते, माती तापत नाही, तणही दबते. वाळवी असलेल्या रानात मात्र लक्ष ठेवावे.

वेल, भेंडी आणि मिरची

ऊन वाढले की काकडी, दोडका, कारले यांच्या वेलांवर नर फुले जास्त येतात. वेल फुलांनी भरलेला दिसतो आणि फळ मात्र नाही. नर फूल गळणारच, त्याची काळजी नको. देठापाशी इवले फळ असलेले मादी फूल गळते का, ते पाहा. ते पिवळे पडून गळत असेल तर बहुधा माशी कमी आहे. काकडी, कलिंगड, कारले यांची फुले सकाळी उमलतात, दोडका व दुधीची संध्याकाळी. फुले उमललेली असताना फवारा घेऊ नये.

भेंडी उन्हाला भीत नाही. तिचे दुखणे पांढऱ्या माशीचे. ही माशी हळद्या पसरवते. मिरचीवर कोरड्या उन्हात फुलकिडे व कोळी वाढतात आणि पाने मुरडतात. ज्या बाजूने वारा येतो तिकडे महिनाभर आधी मक्याच्या दोन ओळी टोकल्या, तर वारा अडतो आणि माशीही काही प्रमाणात रोखली जाते.

बांधावरचा आंबा

आंब्याच्या एका तुऱ्यात शेकडो फुले असतात, त्यातली बरीचशी नर. शेवटी हाती येतात एक-दोन फळे. म्हणजे वाटाण्याएवढी कैरी थोडीफार गळणे हा निसर्गाचा हिशेब आहे. मोहोराआधी पाणी तोडावे आणि फळ वाटाण्याएवढे झाल्यावर बेताने सुरू करावे. ढगाळ हवा आली की मात्र भुरी व तुडतुडे यांकडे रोज पाहावे. तिथे फवारणी लांबवून चालत नाही.

अवकाळीचे काय?

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट राज्यातला शेतकरी विसरलेला नाही. २०२२ चा मार्च तर तोपर्यंतच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. म्हणजे पूर्वीच्या अंदाजावर विसंबून भागणार नाही. पाऊस येऊन गेला तर साचलेले पाणी त्याच दिवशी काढावे, फुटकी फळे तोडून रानाबाहेर टाकावीत, आणि वाफसा येताच हलकी खुरपणी करावी. पिकाचा विमा असेल तर नुकसानीची खबर मुदतीत द्यावी.

थोडक्यात

१. फूल गळाले की आधी तापमान पाहा, मग ओल, मग कीड. औषध शेवटी.
२. माळव्याला उसाच्या पाळीवर ठेवू नका.
३. पाचट जाळू नका, अंथरा.
४. टोमॅटोची लागण अशी धरा की मुख्य फुलोरा कडक उन्हाच्या आधी उरकेल.

त्या सभासदांनी चौथा फवारा घेतला नाही. पाचट टाकले आणि चौथ्या दिवशी पाणी सुरू केले. गळ पूर्ण थांबली नाही, ऊन काही आपल्या हातात नाही. पण धरलेली फळे तडकायची थांबली आणि फवाऱ्याचा खर्च वाचला. आपणही दुकानाची पायरी चढण्याआधी एकदा शेती विभागाकडे या. येताना गळलेली फुले जरूर आणा.