पेशीद्रव : विभाजनाची वेळ ठरवणारे द्रव्य

पेशीपटलाच्या आत आणि केंद्रकाच्या बाहेर जे जे काही असते, त्या सर्वाला पेशीद्रव म्हणतात. शालेय आकृतीत ते केंद्रकाभोवतालच्या कोऱ्या जागेसारखे दिसत असले, तरी प्रत्यक्षात पाणी, क्षार, प्रथिने बनवणारे रायबोसोम, ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका आणि प्रथिनतंतूंचा सांगाडा यांनी ते दाटीवाटीने भरलेले असते. आनुवंशिक माहिती केंद्रकात असल्यामुळे विभाजनाचा आदेशही तेथूनच निघत असावा, असे सहज वाटते; पण या समजुतीला बेडकाच्या अंडपेशीने छेद दिला.

अंडाशयातील अपरिपक्व अंडपेशी विभाजनाच्या आरंभीच थबकलेली असते आणि प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मिळाल्यावरच पुढे सरकते. योशिओ मासुई आणि क्लेमंट मार्कर्ट यांनी संप्रेरक दिलेल्या अंडपेशीतील थोडेसे पेशीद्रव बारीक काचनळीने काढून, संप्रेरक न दिलेल्या दुसऱ्या अंडपेशीत टोचले, तेव्हा तिचे केंद्रकपटल विरघळून ती परिपक्व होऊ लागली. विशेष म्हणजे, दात्या अंडपेशीतील केंद्रक आधीच काढून टाकले, तरीही तिच्या पेशीद्रवात ही क्षमता निर्माण होत होती. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेले हे प्रयोग पेशीविज्ञानातील सर्वांत देखण्या प्रयोगांत गणले जावेत, इतके ते साधे आणि निर्णायक आहेत.

हा प्रभाव घडवणारा घटक १९८८ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळा करण्यात आला आणि तो दोन प्रथिनांची जोडी असल्याचे पुढे सिद्ध झाले. त्यांपैकी सायक्लिन हे प्रथिन, जे टिम हंट यांना १९८२ मध्ये समुद्री साळिंदराच्या अंड्यांत आढळले होते, पेशीद्रवात हळूहळू साठत जाते आणि विभाजन संपताना नष्ट होते. म्हणून विभाजनाचे चक्र पुनःपुन्हा फिरू शकते.

गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे तर्कुतंतू, म्हणजे प्रथिनांच्या सूक्ष्मनलिका, पेशीद्रवातील प्रथिनांपासूनच उभे राहतात. त्यानंतर प्राणिपेशीत पटलाखाली अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे कडे आवळत जाऊन पेशी दुभंगते, तर वनस्पतिपेशीत मध्यभागी नवी भित्ती तयार होऊन ती कडांकडे वाढते.

२०१९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील शिअनरुई चेंग आणि जेम्स फेरेल यांनी आफ्रिकी बेडकाची अंडी फोडून त्यांतील पेशीद्रव एकजीव केले, तेव्हा ते सुमारे अर्ध्या तासात आपोआप पेशीसदृश कप्प्यांत विभागले गेले. आणि त्यात शुक्रपेशींची केंद्रके मिसळल्यावर हे कप्पे, भोवती पेशीपटल नसतानाही, पुनःपुन्हा विभाजित होत राहिले.