अंतर्गळ असताना वजन उचलावे काय?

कात्रपमधील आमच्या वस्तीतले कितीतरी तरुण कंपनीची पाळी संपली की व्यायामशाळेत जातात. याचा आम्हाला आनंदच आहे. पण जांघेत गाठ आली की कोणी लाजेने ती लपवतो, तर कोणी घाबरून सगळेच सोडतो.

अंतर्गळ म्हणजे हर्निया. पोटाच्या भिंतीतील कमकुवत जागेतून आतडे किंवा चरबी बाहेर येते. ही फट व्यायामाने किंवा पट्ट्याने बुजत नाही. ऑपरेशनच करावे लागते. तारीख मिळेपर्यंत डॉक्टरांना विचारून चालावे, हलका व्यायाम करावा. श्वास कोंडून जड वजन उचलू नये, त्याने पोटातील दाब वाढतो. गाठ दुखली, फुगली की थांबावे. हमालीचे काम असेल तर मुकादमाला स्पष्ट सांगावे. खोकला व बद्धकोष्ठ यांवर उपचार घ्यावेत.

आडवे झाल्यावर आत जाणारी गाठ जाईनाशी झाली, कडक होऊन दुखू लागली, उलट्या झाल्या, तर आतडे सडण्याचा धोका असतो. मध्यरात्रीही ताबडतोब मोठे रुग्णालय गाठावे.

दोंडाईचा (जि. धुळे) येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी महाग जाळीऐवजी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले व २००३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. युगांडातील ३०२ पुरुषांवरील २०१६ च्या अभ्यासातही अशी स्वस्त जाळी महाग जाळीच्या तोडीची ठरली. तेव्हा खर्चाच्या धास्तीने ऑपरेशन टाळू नये. सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. घरातील कोणी गाठ लपवत असेल, तर माता-भगिनींनीच त्याला दवाखान्यात न्यावे.