लाटेचा किनारा, प्रवाळाचा किनारा

डिसेंबर १९७३ मध्ये श्रीलंकेहून निघालेली ‘व्हाइटविंग्ज’ नावाची शिडाची नौका मालदीवमधल्या हेलेंगेली बेटाजवळ प्रवाळावर आदळली. नौकेवर टोनी हाइंड आणि मार्क स्कॅनलन हे दोन ऑस्ट्रेलियन होते, आणि दोघेही सर्फर. जीव वाचला, नौका गेली. मात्र आजूबाजूच्या बेटांभोवती त्यांनी ज्या लाटा पाहिल्या, त्यांची तोवर सर्फिंगच्या जगाला खबरही नव्हती. हाइंड तिथेच राहिले. त्यांनी इस्लाम स्वीकारला, मालदीवच्याच मुलीशी लग्न केले, तिथले नागरिकत्व घेतले आणि कित्येक वर्षे या लाटांचा ठावठिकाणा गुपित ठेवला. २००८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तोही त्याच लाटांवर, सर्फिंग करताना.

नौका फोडणारा प्रवाळच लाट घडवतो आणि त्या लाटेपासून आतले पाणी शांतही ठेवतो. सर्फिंग आणि स्नॉर्केलिंग एकाच सुट्टीत जमवू पाहणाऱ्याने ही गोष्ट सर्वांत आधी समजून घ्यायला हवी. दोन्ही छंद समुद्रातले असले तरी त्यांच्या गरजा उलट्या आहेत. एकाला नीट फुटणारी लाट हवी, दुसऱ्याला तळ दिसेल इतके स्वच्छ, संथ पाणी. फोटो बघून किनारा ठरवणाऱ्याची इथेच फसगत होते, कारण फोटोत महिना दिसत नाही आणि वारा तर दिसतच नाही.

सर्फरला हवी असलेली लाट बहुधा स्थानिक वाऱ्याची नसते. हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला, अंटार्क्टिकाच्या बाजूला, वादळे उठतात आणि तिथून निघालेला फुगवटा हजारो किलोमीटर प्रवास करून श्रीलंका, मालदीव, केरळपर्यंत पोचतो. दोन लाटांमधले अंतर १५ सेकंदांचे असेल, तर अशा फुगवट्याची ऊर्जा ताशी सुमारे ४० किलोमीटर वेगाने पुढे सरकते. म्हणजे दिवसाला जवळपास हजार किलोमीटर. वादळानंतर पाच-सहा दिवसांनी, आभाळ निरभ्र असताना, किनाऱ्यावर मोठ्या लाटा येतात त्या अशा. कधी त्या इतक्या येतात की केरळच्या किनारी वस्त्यांत पाणी शिरते. केरळात त्याला कल्लक्कडल म्हणतात, आणि हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था त्याचे इशारे देते. लाटांची उंची आणि कालावधी यांचा तिचा अंदाज पर्यटकालाही पाहता येतो. हॉटेलचे आरक्षण करण्याआधी दहा मिनिटे त्यावर घालवलेली बरी. नुसती उंची पाहू नये. एक मीटर उंचीची पण १५ सेकंदांच्या अंतराने येणारी लाट, त्याच उंचीच्या आठ सेकंदांच्या लाटेपेक्षा कितीतरी जोरकस असते.

लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोली उरली की ती फुटते. वाळूचा तळ हळूहळू चढत असेल तर लाट सावकाश कोसळते; शिकणाऱ्याला तीच हवी. खोल समुद्रातून एकदम प्रवाळाची भिंत वर आली तर लाट ताठ उभी राहते आणि पडणाऱ्याच्या खाली कमरेएवढे पाणी आणि धारदार प्रवाळ असतो. यानंतरचा सगळा खेळ वाऱ्याचा. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतो, समुद्राकडून येणारा वारा तिचा चिवडा करतो. शाळेच्या भूगोलात पाठ केलेले मतलई वारे आणि खारे वारे इथे थेट कामाला येतात. सर्फर पहाटे पाण्यात उतरतात ते याच मतलई वाऱ्यासाठी. स्नॉर्केलिंगवाल्यांनीही सकाळच धरावी. दुपारी खारा वारा सुटला की पाणी ढवळते.

कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. हा हिशेब कोकण किनाऱ्याचा, तो श्रीलंकेत चालत नाही. तिथे भरती-ओहोटीतला फरक एक मीटरच्याही आत असतो. पण वेळ पाहण्याची सवय मात्र सोबत न्यावी. उथळ प्रवाळावर ओहोटीला पोहायला उतरले की पोट आणि गुडघे खरचटतात, आणि प्रवाळही मोडतो.

कोकणात प्रवाळ नाही असे नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाजवळ मालवणात स्नॉर्केलिंग होते आणि १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्यही आहे. अडचण गाळाची आहे. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या पावसाळ्यात लाल माती समुद्रात आणतात, आणि हिवाळ्यातल्या चांगल्या दिवसांतही पाणी लक्षद्वीपसारखे होत नाही. याचा पुरावा विजयदुर्गपासून पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्राच्या पोटात आहे. कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचे नाव लाभलेले आंग्रिया बँक हे बुडालेले प्रवाळपठार नद्यांच्या गाळापासून दूर असल्यामुळे नितळ पाण्यात वाढले आहे. पण ते सुमारे २० मीटर खोल आहे, म्हणजे सिलिंडर लावून उतरणाऱ्यांचे. स्नॉर्केलची नळी घेऊन तिथे काही उपयोग नाही.

दोन्ही छंद एका तिकिटात बसवण्याचा सर्वांत चांगला धडा श्रीलंकेत मिळतो. दक्षिणेचा फुगवटा या बेटाला वर्षभर मिळतो, ऋतूनुसार बदलतो तो वारा. नोव्हेंबरअखेर ते मार्च ईशान्य मोसमी वारे वाहतात, तेव्हा नैर्ऋत्य किनारा आडोशाला असतो: हिक्कडुवा, वेलिगामा, मिरिस्सा. तिथे वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, लाटा सुबक होतात आणि पाणीही निवळते. मे ते सप्टेंबर चित्र नेमके उलटे होते. नैर्ऋत्य मोसमी वारे पश्चिम किनारा झोडपतात आणि पूर्वेकडचे अरुगम बे व त्रिंकोमाली आडोशाला येतात. त्यामुळे ‘श्रीलंकेला कधी जावे’ असे विचारणाऱ्याला आधी ‘कुठल्या बाजूला’ असे विचारावे लागते. जुलैत मिरिस्साला आणि डिसेंबरात अरुगम बेला जाऊन बसणारे पर्यटक दर वर्षी भेटतात. खोली स्वस्तात मिळाली याचा त्यांना आनंद झालेला असतो.

एका बाजूतही जागा निवडावी लागते. वेलिगामाचा उपसागर दक्षिणेला उघडा, तळ वाळूचा, लाटा मऊ. फोमचा बोर्ड भाड्याने घेऊन पहिल्यांदा उभे राहायला याहून सोपी जागा आशियात थोड्याच असतील. पण तिथे पाण्यात तोंड घातले तर वाळूखेरीज काही दिसत नाही. त्यासाठी मातारा शहराजवळच्या पोलहेनाला जायचे. तिथे प्रवाळाची ओळ लाट बाहेरच अडवते आणि आतल्या उथळ पाण्यात समुद्री कासवे चरतात. सकाळी एक, दुसऱ्या सकाळी दुसरे, असे रिक्षाने करता येते. हिक्कडुवात तर दोन्ही एकाच गावात आहेत: उत्तरेला प्रवाळाने अडवलेले शांत पाणी, दक्षिणेला सर्फिंगची लाट. मात्र तिथल्या प्रवाळाकडून फार अपेक्षा ठेवू नये. १९७९ मध्ये संरक्षण मिळालेली आणि २००२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेली ही जागा १९९८ च्या उष्णतेत पांढरी पडली आणि काचतळाच्या होड्यांनी, पर्यटकांच्या पायांनी तिची आणखी दुर्दशा केली. किनाऱ्यावर कासवांना शेवाळ भरवायला लावणारे लोक भेटतात. त्यांना नम्रपणे नकार द्यावा. माणसाच्या हातून खायला सवकलेले कासव होड्यांच्या पंख्यांजवळही निर्धास्त येते.

मालदीवची रचना वेगळी आहे. कंकणद्वीपाच्या बाहेरच्या कडेवर फुगवटा फुटतो, आत लगून आरशासारखे असते. उत्तर माले प्रवाळसमूहातल्या थुलुस्धू बेटावर ‘कोक्स’ ही प्रसिद्ध लाट आहे. बेटावरच्या कोका-कोलाच्या कारखान्यावरून तिला हे नाव पडले. समोरच्या खिंडीपलीकडे ‘चिकन्स’. दोन्ही प्रवाळावर फुटतात आणि दोन्ही शिकाऊंसाठी नाहीत. पण एकाच घरातला एक जण लाटेवर आणि दुसरा त्याच बेटाच्या लगूनमध्ये, असे इथे खरोखर शक्य होते. लाटांचा मोसम एप्रिल ते ऑक्टोबर. साधारण २००९-१० पासून स्थानिक वस्तीच्या बेटांवर गेस्ट हाउसना परवानगी मिळाल्यामुळे हे आता फक्त श्रीमंतांच्या रिसॉर्टपुरते उरलेले नाही. अशा बेटांवर मद्य मिळत नाही, आणि पोहण्याचे कपडे फक्त नेमून दिलेल्या किनाऱ्यावर चालतात. बा प्रवाळसमूहातल्या हनिफारू उपसागरात मे ते नोव्हेंबरात मँटा रे थव्याने येतात आणि तिथे स्कूबाला बंदी आहे, फक्त स्नॉर्केल. इतके मोठे प्राणी इतक्या साध्या साधनाने पाहायला मिळणारी जागा दुर्मीळ.

लक्षद्वीपला मात्र सर्फबोर्ड घरी ठेवून जावे. ३६ बेटे, वस्ती दहांवर, जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर, आणि लगूनचा विस्तार सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर. या एका आकड्यावरून कळते की ही जागा कशासाठी आहे. कडमत किंवा बंगाराममध्ये किनाऱ्यावरून चालत उतरावे, फिन्स चढवाव्या आणि छातीएवढ्या पाण्यात प्रवाळाचे गठ्ठे सुरू व्हावेत, इतके ते जवळ आहे. पोहायला घाबरणाऱ्या मुलांना शिकवायलाही भारतात याच्या तोडीची जागा नाही. प्रवेशपरवाना लागतो, बोटी कोचीहून सुटतात, विमान अगत्तीला उतरते, आणि पावसाळ्यात बेत करू नये.

अंदमानात हॅवलॉकचा, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपाचा, एलिफंट बीच सगळ्यांना ठाऊक आहे आणि म्हणूनच तो गजबजलेला आहे. त्यापेक्षा वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातली जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटे चांगली. ती आळीपाळीने उघडतात, म्हणजे एकाला विश्रांती मिळते. सर्फिंगसाठी लिट्ल अंदमानचा बटलर बे आहे, पण तिथे जहाजाने बराच वेळ जातो आणि जवळ मोठे रुग्णालय नाही. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, ही माहिती जाहिरातींत नसते. २०१० मध्ये हॅवलॉकला स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका अमेरिकन तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. खाडीमुखाजवळ उतरू नये आणि फलक असेल तर तो वाचावा.

फक्त लाटेवर उभे राहायला शिकायचे असेल तर परदेशी जायची गरज नाही. कर्नाटकातल्या मुल्की इथे २००४ पासून सर्फिंग आश्रम आहे. चेन्नईजवळच्या कोवलममध्ये मूर्ती मेगवन या मच्छीमाराने गावातल्या पोरांना फळीवर उभे केले. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला झालेल्या आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाळ यांनी कांस्यपदक मिळवले, भारताचे या स्पर्धेतले पहिले वैयक्तिक पदक. मुल्की मुंबईहून कोकण रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर आहे. श्रीलंकेच्या सहलीआधी तिथे चार दिवस काढले तर परदेशातले पहिले दिवस पडण्यात जात नाहीत.

प्रवाळाचे मात्र तातडीने सांगायला हवे. १९९८, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये समुद्राचे तापमान चढले आणि लक्षद्वीप-मालदीवमधला प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरा पडला. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ या सरकारी संस्थेने जगातल्या चौथ्या व्यापक विरंजनाची घोषणा केली. पाच वर्षांपूर्वीच्या प्रवासवर्णनातला रंग आज तिथे असेलच असे नाही, त्यामुळे ताजी माहिती विचारूनच जागा ठरवावी. आणि ज्या पांढऱ्या वाळूसाठी लोक इतक्या दूर जातात, तीही प्रवाळाचीच देणगी आहे. पोपटमासा मेलेला प्रवाळ चोचीने खरवडतो, त्यावरचे शेवाळ खातो आणि उरलेला चुना वाळू होऊन बाहेर पडतो. पाण्याखाली कान दिला तर खरवडण्याचा तो करकर आवाज स्वच्छ ऐकू येतो. मालदीवच्या वक्कारू बेटावरच्या अभ्यासात, जो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, नव्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाळू या माशांची असल्याचे आढळले. ज्या हॉटेलच्या ताटात पोपटमासा दिसेल, त्या हॉटेलात तो मागवू नये.

क्रीमचेही तसेच. पलाऊ या देशाने १ जानेवारी २०२० पासून प्रवाळाला अपायकारक सनस्क्रीनवर बंदी घातली, थायलंडने २०२१ मध्ये सागरी उद्यानांपुरती. लांब बाह्यांचा रॅशगार्ड घातला की पाठीला क्रीम लावावेच लागत नाही, आणि स्नॉर्केलिंगमध्ये उन्हाने भाजते ती पाठच.

आता सुट्ट्यांचे. दिवाळी श्रीलंकेसाठी अडनिडी आहे: ऑक्टोबर-नोव्हेंबरात वारे बदलत असतात आणि बेटाच्या दोन्ही बाजूंना पाऊस असतो. त्या सुट्टीत लक्षद्वीप घ्यावे. नाताळात वेलिगामा-पोलहेना. आणि मराठी शाळांची मे महिन्याची मोठी सुट्टी पूर्व श्रीलंकेला अचूक जुळते. त्रिंकोमालीजवळच्या निलावेलीहून होडीने पिजन आयलंडला जावे. २००३ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे, आणि सकाळी लवकर गेल्यास किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात ब्लॅकटिप शार्कची पिल्ले दिसतात, माणसाला काही न करणारी. तिथून किनाऱ्याने साधारण अडीचशे किलोमीटर दक्षिणेला अरुगम बे. मेमध्ये तिथला मोसम नुकताच सुरू झालेला असतो, लाटा बेताच्या आणि गर्दी कमी. शिकाऊंनी ‘मेन पॉइंट’वर न जाता ‘बेबी पॉइंट’ धरावा. वैशाख पौर्णिमेला वेसाकची सुट्टी येते. तेव्हा अख्खा देश फिरायला निघतो, त्यामुळे त्या दोन-तीन दिवसांच्या खोल्या आणि बस महिनाभर आधी ठरवून ठेवाव्यात.