लाइम ग्रोव्हमधला शुक्रवार

वारिस हुसेन हे नाव मराठी वाचकाला चटकन ओळखीचं वाटणार नाही. जन्म १९३८ चा, लखनौचा. आई अतिया हुसेन, ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ या कादंबरीची लेखिका. फाळणीच्या सुमारास कुटुंब इंग्लंडला गेलं, तेव्हा मुलगा आठेक वर्षांचा होता. पुढे क्लिफ्टन कॉलेज, मग केंब्रिज. तिथे त्याने नाटकं बसवली. इयन मॅकेलन, डेरेक जॅकोबी ही मंडळी तेव्हा त्याच्याच आसपास वावरत होती. १९६० साली तो बीबीसीत दिग्दर्शन शिकायला लागला आणि तीन वर्षांनी त्याच्या गळ्यात लहान मुलांसकट सगळ्या घरासाठीची एक शनिवारची मालिका पडली. तिचं नाव ‘डॉक्टर हू’.

त्या मालिकेचा पहिला भाग त्याला दोनदा करावा लागला. पहिल्यांदा २७ सप्टेंबर १९६३ ला आणि पुन्हा शुक्रवार, १८ ऑक्टोबरला. हा दिनक्रम त्या दुसऱ्या दिवसाचा. वेळा बीबीसीच्या त्या काळच्या स्टुडिओ-शिरस्त्याप्रमाणे धरल्या आहेत. चोवीस वर्षांच्या पोराला अहो-जाहो करायला जीभ वळत नाही, म्हणून दिवसभर तो ‘तो’च राहील. मान पुढे देऊच.

सकाळी नऊ

लंडनच्या पश्चिमेला शेफर्ड्स बुश. तिथल्या एका गल्लीत घरांना खेटून लाइम ग्रोव्हची इमारत. १९१५ साली गोमाँ कंपनीने सिनेमासाठी बांधलेली. हिचकॉकने ‘द थर्टीनाइन स्टेप्स’ इथेच केला. १९४९ मध्ये बीबीसीने ती विकत घेतली. पलीकडे चालत जाण्याच्या अंतरावर १९६० मध्ये उघडलेलं नवंकोरं टेलिव्हिजन सेंटर आहे, पण ते या मालिकेच्या नशिबात नाही. तिच्या वाट्याला आला आहे लाइम ग्रोव्हचा स्टुडिओ ‘डी’. अपुरी जागा, जुनाट सामग्री, दिवे लागले की भट्टी.

तेवढ्याच जागेत आज शाळा, भंगारवाल्याचं आवार आणि ‘टार्डिस’ नावाच्या यानाचं पोट हे सगळं उभं करायचं आहे. यान बाहेरून पोलिसांची निळी खोकीवजा चौकी दिसते आणि आतून दिवाणखान्याएवढं असतं. ही कल्पना कागदावर झकास. स्टुडिओत मात्र त्या ‘आतल्या’ भागाने निम्मी जमीन खाल्ली आहे. मधोमध षट्कोनी यंत्रमेज, त्यात वरखाली होणारा काचेचा खांब, भिंतींवर गोल गोल खळगे. आणि दोन अवजड दारं. सप्टेंबरात याच दारांनी घात केला होता. ती नीट मिटेनात, संवाद चालू असताना मागे धाडधाड आपटत राहिली. आज सुताराकडून आधी दारं बघून घ्यायची.

साडेदहा

कॅमेऱ्यासकट तालीम. नट आठवडाभर एका हॉलमध्ये जमिनीवर चिकटवलेल्या पट्ट्यांना भिंती मानून घोकत होते. आज त्या पट्ट्यांच्या जागी खऱ्या भिंती आहेत आणि समोर प्रेक्षकाच्या जागी माणसाएवढी अवजड यंत्रं.

सिनेमाचा दिग्दर्शक कॅमेऱ्याशेजारी उभा असतो. टीव्हीचा दिग्दर्शक वर, काचेआड, गॅलरीत बसतो. समोर मॉनिटरांची रांग, डाव्या-उजव्या हाताला दृश्यं जोडणारा मिक्सर आणि सहायिका, खाली जमिनीवर त्याचा शब्द कानातल्या यंत्रातून ऐकणारा फ्लोअर मॅनेजर. वारिसच्या पुढ्यात कॅमेरा-स्क्रिप्ट असते. प्रत्येक दृश्याला क्रमांक, कुठला कॅमेरा, कुठून, किती जवळून, सगळं आधी लिहिलेलं. हे लिहिण्यातच दिग्दर्शकाचं खरं काम झालेलं असतं. प्रत्येक कॅमेऱ्याला मनगटाएवढी जाड केबल असते. दोन नंबरचा कॅमेरा एक नंबरच्या मागून गेला तर केबलींचा गुंता होतो आणि ध्वनिग्राहकाची लांब दांडी जरा चुकली की तिची सावली थेट नटाच्या कपाळावर. सकाळचे दोन-तीन तास या गुंत्यातच जातात.

पहिलं दृश्य पाहा. धुकं, रात्र, हातात टॉर्च घेतलेला पोलीस फाटक चाचपून निघून जातो. फाटक आपोआप उघडतं. कॅमेरा आत शिरतो, भंगारातून सावकाश सरकत त्या निळ्या खोक्यापाशी येतो. खोकं गुणगुणतंय. तिथून चित्र विरघळतं आणि शाळा येते. एकही संवाद नाही. पाहणाऱ्याला काय चाललंय हे कळत नाही, पण उठून जावंसंही वाटत नाही. जेमतेम तीन वर्षांच्या अनुभवावर हे सुचलं असेल तर दाद द्यायलाच हवी.

त्याहून हुशारीची जागा पुढे आहे. इयन आणि बार्बरा हे दोन शिक्षक रात्री मोटारीत बसून सुझन या विचित्र विद्यार्थिनीबद्दल बोलतात आणि मध्येच वर्गातले प्रसंग आठवतात. चित्रीकरण सलग चालणार, मग शिक्षक मोटारीतून उठून वर्गात जाणार कधी? वारिसने वर्गात कॅमेऱ्यालाच शिक्षक केलं. दिसते फक्त सुझन, ऐकू येतो शिक्षकाचा आवाज. नटांना मोटार सोडायची गरजच नाही. अडचणीतून निघालेली ही युक्ती पाहणाऱ्याला शैली वाटते. टीव्हीतली बरीचशी शैली अशीच जन्माला येते, हे आमच्याकडच्या मालिकावाल्यांनाही ठाऊक असेल.

त्यातल्याच एका प्रसंगात सुझन पौंडाचे किती शिलिंग ते सांगू शकत नाही. इंग्लंडात दशमान नाणी आहेत असं समजून बसलेली असते. वर्ग हसतो. इंग्लंडात ती नाणी १९७१ साली आली. गॅलरीत बसलेल्या दिग्दर्शकाच्या जन्मदेशात मात्र आणे जाऊन नवे पैसे येऊन सहा वर्षं झाली होती.

दुपारी एक

जेवणाची सुट्टी. जेवणावरून सिडनी न्यूमनची गोष्ट सांगायला हवी.

न्यूमन बीबीसीच्या नाट्यविभागाचा प्रमुख. टोरांटोचा, रशियातून आलेल्या ज्यू आईबापांचा मुलगा. पहिल्या भागाची सप्टेंबरातली फीत पाहून त्याने निर्माती व्हेरिटी लँबर्ट आणि वारिस या दोघांना चिनी हॉटेलात जेवायला नेलं आणि खरं तर तुम्हा दोघांना काढूनच टाकायला हवं असं सुनावलं. मग म्हणाला, पुन्हा करा. चुकांची यादी त्याने हातात ठेवली होती. म्हातारा डॉक्टर, म्हणजे सुझनचा आजोबा, फार खडूस वाटतो; सुझन फार परग्रहावरची वाटते, दारं आपटतात.

एवढा मोठा खर्च पुन्हा करायची मुभा देणारा वरिष्ठ भेटणं हे नशीब. पण मला त्या टेबलाभोवतीची माणसं जास्त लक्षात राहतात. कॅनडाहून आलेला साहेब, लखनौचा दिग्दर्शक, अवघ्या सत्तावीस वर्षांची ज्यू निर्माती. नाट्यविभागात दुसरी निर्माती-बाई तेव्हा नव्हती. लेखक अँथनी कोबर्न ऑस्ट्रेलियन, शीर्षकसंगीत बांधणारा रॉन ग्रेनर ऑस्ट्रेलियन. जी मालिका पुढे अस्सल ब्रिटिश म्हणून मिरवली गेली, तिच्या बारशाला बाहेरच्यांचीच गर्दी होती. प्रतिष्ठेची कामं घरच्यांकडे जात असत. पोरांची मालिका, पडकी जागा, फारसं कुणाचं लक्ष नाही, अशा ठिकाणी बाहेरच्याला दार किलकिलं मिळतं. वारिसने तिथे पाय अडकवला.

अडीच

यानातला मोठा प्रवेश. आज सुझनचे कपडे बदलले आहेत, साध्या शाळकरी मुलीचे झाले आहेत. तिचा नि आजोबांचा जन्म एकोणपन्नासाव्या शतकातला हे वाक्य गेलं. आता ते फक्त दुसऱ्या काळातले, दुसऱ्या जगातले आहेत. नेमका आकडा काढल्यावर गूढ वाढलं. न्यूमनच्या यादीत असा शहाणपणाही होता.

डॉक्टर म्हणजे विल्यम हार्टनेल, वय पंचावन्न. सिनेमात करड्या आवाजाच्या लष्करी हवालदाराच्या भूमिका करून करून वैतागलेला. ही भूमिका घ्यायला त्याला लँबर्ट आणि वारिसने जेवू घालूनच राजी केलं होतं. आता त्याच खडूसपणात थोडं मिश्कील हसू मिसळायचं आहे. नटाला गॅलरीतून सगळ्यांच्या देखत सांगायचं नसतं. दिग्दर्शक जिना उतरून खाली येतो, बाजूला घेऊन दोन शब्द बोलतो, पुन्हा वर चढतो. बापाच्या वयाच्या नटाशी बोलताना हे पथ्य जास्तच पाळावं लागतं.

पाच

सलग रंगीत तालीम, थांबायचं नाही. घड्याळ लावून लांबी मोजली जाते. भाग पंचवीस मिनिटांचा.

सात

जेवण. तोवर तंत्रज्ञ कॅमेरे जुळवून घेतात.

रात्री साडेआठच्या सुमारास

ध्वनिमुद्रण आणि चित्रमुद्रण एकदमच. दोन इंच रुंदीची फीत फिरू लागते. ही फीत महाग असते. ती कापायची तर पात्याने, प्रत्यक्ष चिरूनच, आणि कापलेली फीत पुन्हा वापरायला अडचणीची. म्हणून थांबे अगदी मोजके. जवळपास थेट प्रक्षेपणासारखंच, सुरुवातीपासून शेवटापर्यंत क्रमाने. हाताशी सव्वा तास.

शीर्षक सुरू होतं. कॅमेरा स्वतःच्याच मॉनिटरकडे रोखला की पडद्यावर जी ज्वाळांसारखी आकृती उमटते ती बर्नार्ड लॉजने वापरली आहे. वरून डेलिया डर्बिशायरने फितींचे तुकडे जोडून घडवलेली धून. मग पोलीस, फाटक, धुकं. सहायिका दृश्यांचे आकडे म्हणत राहते, मिक्सरची बोटं बटणांवर, वारिसचा आवाज खाली प्रत्येकाच्या कानात. एका सेटवर नट बोलत असताना दुसऱ्या सेटकडे कॅमेरा पाय न वाजवता सरकतो आहे. दारं आज आपटत नाहीत. यान उडतं तेव्हा शीर्षकातल्या त्या ज्वाळा चेहऱ्यांवर मिसळतात आणि शेवटी ओसाड जमिनीवर कुणा आदिमानवाची सावली पडते.

पावणेदहाला दिवे विझायला हवेत, आणि विझतात.

त्यानंतर

दिग्दर्शकाचा दिवस दिव्यांबरोबर संपत नाही. पुढच्या शुक्रवारी दुसरा भाग, मग तिसरा, मग चौथा. तिन्ही भागांत कातडी पांघरलेले आदिमानव अग्नी शोधणार. केंब्रिजमध्ये इंग्रजी साहित्य शिकून आलेल्या वारिसला हे कथानक फारसं मानवलं नव्हतं. केलं मात्र मन लावून. पहिला भाग २३ नोव्हेंबरला सायंकाळी सव्वापाचनंतर दाखवला गेला. आदल्या दिवशी केनेडींची हत्या झाली होती, कुणाचं लक्ष टिकणार? पुढच्या शनिवारी बीबीसीने तो पुन्हा दाखवला आणि मालिका तरली.

आता मान द्यायला हरकत नाही. हुसेन यांनी १९६४ मध्ये याच मालिकेतली ‘मार्को पोलो’ ही सात भागांची कथा केली, एक भाग सोडून बाकी सगळे त्यांचे. १९६५ मध्ये बीबीसीसाठी ‘अ पॅसेज टू इंडिया’ केलं. झिया मोहिउद्दीन, सईद जाफरी, सिबिल थॉर्नडाइक ही त्यातली मंडळी. सिनेमाच्या बाजूला १९७१ चा ‘मेलडी’ आहे. अकरा-बारा वर्षांच्या पोरांच्या प्रेमाची ही गोष्ट इंग्लंडात आपटली आणि जपानमध्ये डोक्यावर घेतली गेली. पटकथा ॲलन पार्करची, निर्माता डेव्हिड पटनम, दोघांचीही ती सुरुवात.

पण त्यांचं नाव झालं ते यजमानांच्या घरातल्या गोष्टींवर. १९७२ मध्ये आठव्या हेन्रीच्या सहा राण्या, १९७४ मध्ये मतदानासाठी लढलेल्या इंग्रज बायकांची ‘शोल्डर टू शोल्डर’, १९७८ मध्ये प्रेमापायी राजमुकुट सोडणाऱ्या राजाची ‘एडवर्ड अँड मिसेस सिम्पसन’. शेवटच्या मालिकेला बाफ्टा मिळालं, एमीही मिळालं. स्थलांतरित कलावंताला भेटेल तो सांगतो, तुझ्या मातीतलं काहीतरी कर. हुसेन यांनी इंग्रजांनाच त्यांच्या राजाची भानगड समजावून दिली, तीही इंग्रजांपेक्षा नीट. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतली ही सर्वांत धीट गोष्ट. आपल्याकडची गोष्ट त्यांनी सांगितली नाही असंही नाही. १९९७ चा ‘सिक्स्थ हॅपिनेस’ मुंबईतल्या पारशी घरातला आहे. ठिसूळ हाडांचा आजार घेऊन जन्मलेल्या फिरदौस कांगा यांनी स्वतःच्या कादंबरीवरून तो लिहिला आणि प्रमुख भूमिकाही स्वतःच केली.

टीव्हीच्या माणसाच्या कष्टांना कपाट मिळेलच असं नसतं. बीबीसीने त्या काळी फिती पुसून पुन्हा वापरल्या. ‘मार्को पोलो’च्या सातपैकी एकही भाग आज उपलब्ध नाही, उरले ते आवाज आणि काही छायाचित्रं. लाइम ग्रोव्हची इमारतही नव्वदच्या दशकात पाडली गेली.

त्या शुक्रवारचं काम मात्र टिकलं आहे, आणि सप्टेंबरातला फसलेला प्रयत्नही. दोन्ही डीव्हीडीवर निघाले आहेत. कुठे मिळाले तर लागोपाठ पाहा, आधी फसलेला, मग सुधारलेला. टीव्हीचा दिग्दर्शक नेमकं काय करतो असा प्रश्न कधी पडला असेल, तर त्या पन्नास मिनिटांत त्याचं उत्तर मिळेल.