रक्तवाहिन्यांच्या गाठी ओळखण्याची दीडशे वर्षं

बाळाच्या गालावर जन्मानंतर काही आठवड्यांत उमटणारी, भराभर फुगणारी आणि पुढे काही वर्षांत आपोआप विरणारी लाल गाठ. आणि जन्मापासूनच असलेला, मुलाबरोबर वाढणारा, कधीच न जाणारा निळसर फुगवटा. या दोन्हींना वैद्यक दीर्घकाळ एकाच नावाने ओळखत होतं: हिमँजिओमा.

१८६३ मध्ये रुडॉल्फ फिरखो यांनी अशा गाठींची विभागणी केली ती वाहिन्यांच्या आकारावरून: साध्या, कॅव्हर्नस, रॅसिमोस. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं ते त्यांनी नेमकं नोंदवलं. पण पोकळी रुंद आहे की अरुंद, यावरून गाठ पुढे काय करील हे कळत नाही. तरी ही पद्धत शंभराहून अधिक वर्षं चालली. आपोआप विरल्या असत्या अशा गाठींवरही कित्येक मुलांना किरणोपचार सोसावे लागले.

कलाटणी मिळाली १९८२ मध्ये, बोस्टनला. जॉन मुलिकन आणि ज्युली ग्लोवॅकी यांनी ४९ नमुने तपासले आणि पोकळीऐवजी तिच्या अस्तराच्या पेशींकडे पाहिलं. वाढत्या हिमँजिओमात या पेशी गुबगुबीत, विभाजन पावणाऱ्या होत्या. भोवती मास्ट पेशींची गर्दी होती. दुसऱ्या गटात अस्तर चपटं आणि शांत होतं. तिथे पेशी वाढत नव्हत्या, वाहिनीची घडणच चुकली होती. एक अर्बुद, दुसरी रचनेतली विकृती. ही फाळणी १९९६ मध्ये रक्तवाहिनी विकृतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने स्वीकारली आणि २०१४ मध्ये विस्तारली.

तरी एक अडचण उरली होती. विरत चाललेल्या हिमँजिओमात वाहिन्या कमी होतात, चरबी आणि तंतू वाढतात. काचपट्टीवर तो विकृतीसारखा भासू शकतो. २००० मध्ये पॉला नॉर्थ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ग्लुट-१ हे प्रथिन अर्भकांच्या हिमँजिओमाच्या वाहिन्यांत प्रत्येक टप्प्यावर सापडतं. विकृतींत ते नसतं. जन्मतःच पूर्ण वाढलेल्या हिमँजिओमातही ते नसतं, म्हणून तो आजार वेगळा ठरला. लसिकावाहिन्या ओळखायला डी२-४० हे रंजन हाताशी आलं. २०१३ मध्ये पोर्ट-वाइन डागांत जीएनएक्यू जनुकातला बदल सापडला आणि वर्गीकरण जनुकांपर्यंत पोहोचलं.

या काटेकोरपणाचं मोल २००८ मध्ये उमगलं. बाळाला हृदयविकारासाठी दिलेल्या प्रोप्रॅनोलॉलने त्याचा हिमँजिओमा ओसरताना बोर्डोच्या क्रिस्टीन लेओते-लाब्रेझ यांना दिसला. आज हेच औषध पहिला उपचार आहे. शिरांच्या विकृतीवर मात्र त्याचा असा गुण येत नाही. तिथे गाठीच्या स्वरूपानुसार स्क्लेरोथेरपी, शस्त्रक्रिया किंवा सिरोलिमस लागतं. निदान चुकलं, तर मूल निरुपयोगी औषध घेत राहतं आणि हाताशी असलेला वेळ जातो.

म्हणूनच फिरखोंच्या विभागणीतला ‘कॅव्हर्नस हिमँजिओमा’ हा शेरा अजूनही रिपोर्टवर उमटतो, याचं वाईट वाटतं. उपाय आवाक्यातला आहे. नमुना पाठवणाऱ्या सर्जनने चिठ्ठीवर दोन ओळी लिहाव्यात: गाठ जन्मतः होती की नंतर आली, आणि वाढली की विरली. त्या नसतील तर पॅथॉलॉजिस्टने फोन करून विचारावं, मगच नाव द्यावं. पेशी त्या घडीची स्थिती सांगतात. गाठीचा प्रवास मुलाच्या आईलाच ठाऊक असतो, आणि निदानाला दोन्ही लागतात.